प्रश्न वाचकांचे: बक्षिसाची सहल

आर्थिक वर्ष संपत आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. एरवी रजा, बढती आणि पगारपत्रक यांविषयी विचारणारे वाचक ‘यंदा आपल्या लोकांना कुठे न्यावे’ असे विचारू लागतात. कामगिरीचे बक्षीस म्हणून कर्मचाऱ्यांना किंवा विक्रेत्यांना सहलीला पाठवण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची आणि त्यांच्या कंपन्यांची नावे अर्थातच गाळली आहेत.

आमचा वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. कायम कामगार आणि कार्यालयीन कर्मचारी मिळून आम्ही ६४ जण आहोत. यंदा प्रथमच आमचे रिजेक्शन, म्हणजे नापास होऊन परत येणारा माल, ग्राहक कंपनीने घालून दिलेल्या मर्यादेच्या आत राहिले, म्हणून मी सहलीसाठी १२ लाख रुपये बाजूला काढले आहेत. मुलगा थायलंड म्हणतो, आमचे व्यवस्थापक गोवा म्हणतात. आपण काय सुचवाल? (एक लघुउद्योजक, चाकण)

तुमच्या घरातल्या वादात पडण्याआधी एक साधा भागाकार करू. बारा लाखांना चौसष्टने भागले की माणशी १८,७५० रुपये येतात. एवढ्या पैशांत सगळ्यांना बसने गोव्याला किंवा मालवणकडे नेऊन तीन रात्री बऱ्या हॉटेलात ठेवता येईल आणि जेवणखाणातही हात आखडता घ्यावा लागणार नाही. थायलंडचे विमान धरायचे म्हटले, तर त्याच पैशांत फार तर वीसएक जण जातील. म्हणजे प्रश्न गोवा की थायलंड असा नसून चौसष्ट की वीस असा आहे, आणि तो तुमच्या कचेरीत अजून कोणी मोठ्याने बोलून दाखवला नसावा.

यंदापुरते माझे उत्तर ‘चौसष्ट’ असे आहे. रिजेक्शन कमी केल्यास सहल मिळेल, असे तुम्ही एप्रिलमध्ये कोणालाही सांगितले नव्हते. लोकांनी चांगले काम केले आणि तुम्हाला आनंद झाला, म्हणून तुम्ही खर्च करत आहात. अशा आनंदातून आता निवडक वीस जण वेगळे काढले, तर उरलेल्या चव्वेचाळीस जणांना त्यांचा काय गुन्हा झाला, हे तुम्हाला समजावून सांगता येणार नाही. बक्षिसाची सहल हा आधी दिलेला आणि नंतर पाळलेला शब्द असतो. सरतेशेवटी जाहीर केलेली सहल कितीही महागडी असली, तरी ती खुशीची सहलच राहते. तिच्यात वाईट काही नाही, फक्त तिच्याकडून पुढच्या वर्षीच्या कामाची अपेक्षा धरू नये.

पुढच्या वर्षी खरोखर बक्षिसाची सहल करायची असेल, तर नियमांचा एक कागद एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सूचना फलकावर लावा. ठिकाण शेवटी ठरले तरी चालेल, कागद मात्र आधी हवा. त्या कागदावर एकेकट्या माणसाचे उत्पादन मोजू नका. प्रेसवरच्या कामगाराचे दिवसाचे नग हे टूलरूमने डाय (साचा) वेळेवर दिली का आणि स्टोअरमधून पट्टी आली का, यांवर अवलंबून असतात. त्यामुळे लाइन किंवा शिफ्ट हा घटक धरावा. मोजमापे दोन, फार तर तीन असावीत, आणि ती कामगाराला रोजच्या रोज स्वतः पडताळता यावीत. ग्राहकाकडून परत आलेला माल हे एक, हजेरी हे दुसरे. ‘शून्य अपघात’ ही अट कित्येक कारखान्यांत उत्साहाने घातली जाते, पण मी ती घालू देत नाही, कारण मग कापलेल्या बोटाला चिंधी गुंडाळून माणसे शिफ्ट पुरी करतात आणि नोंदवही कोरी राहते.

दुसरे असे की, पहिले पाच किंवा पहिले दहा अशी चढाओढ लावू नका. ठरलेली रेषा जे ओलांडतील ते सगळे जातील, असा नियम करा. चढाओढीत गणपतीपर्यंत सगळ्यांना कळून चुकते की नेहमीचेच चार जण जाणार आहेत, आणि त्या दिवसापासून तुमचे बक्षीस त्या चौघांपुरतेच उरते. रेषेजवळ घुटमळणारा मधला माणूस रिजेक्शनमध्ये सहा टक्क्यांवरून चारवर आला, तर कारखान्याचा फायदा त्यातच असतो. सगळ्यांनीच रेषा ओलांडली तर खर्च हाताबाहेर जाईल, अशी भीती वाटत असेल, तर वाचलेल्या मालाच्या किमतीचा ठरावीक हिस्सा सहलीच्या खात्यात जाईल, असे आधीच लिहून ठेवा. लोक जास्त आले तर ठिकाण जवळचे होईल, एवढेच.

तुमच्या पत्रात कंत्राटी कामगारांचा उल्लेख नाही. चाकणच्या पट्ट्यात ते नसतील, यावर माझा विश्वास बसत नाही. त्यांच्याही हातांतून तेच भाग गेले आहेत. पहाटे साडेपाचला फाटकातून बस निघते आणि त्याच लाइनवरची चार मुले बाजूला उभी राहून ती जाताना पाहतात, हे दृश्य मी पाहिलेले आहे. परतल्यावर आणलेली काजूची पाकिटे त्यांना वाटली गेली, पण ती घेताना त्यांच्यापैकी कोणी मान वर केली नाही. वर्षभर टिकलेल्या कंत्राटी कामगारांना ठेकेदाराशी लेखी बोलून सोबत घ्या आणि त्यांची नावे अपघात विम्याच्या यादीत आहेत ना, हे स्वतः पाहा.

परदेशाचा विचार पुढेमागे केलात, तर आधी पासपोर्ट किती जणांकडे आहेत, ते मोजा. साध्या छत्तीस पानी पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आहे आणि ते कंपनीने भरावे. खरा वेळ कागदपत्रांत आणि पोलीस पडताळणीत जातो. दहावी न झालेल्या कामगारांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक) असा शिक्का असतो आणि ते पाहून ती माणसे बावरतात. अठरा देशांत नोकरीसाठी जायचे असेल, तरच त्या शिक्क्यामुळे सरकारी परवानगी लागते. त्या अठरांत थायलंडही येतो, परंतु पर्यटनासाठी जाताना अशी परवानगी लागत नाही. मात्र विमानतळावर अशा माणसाला दोन प्रश्न जास्त विचारले जातात, म्हणून परतीचे तिकीट आणि हॉटेलचा कागद त्याच्या स्वतःच्या हातात द्यावा, गटप्रमुखाच्या बॅगेत ठेवू नये.

राहता राहिला कर. मालकाने कर्मचाऱ्याच्या सुटीच्या प्रवासावर केलेला खर्च हा प्राप्तिकराच्या दृष्टीने त्या कर्मचाऱ्याच्या वेतनातील लाभ ठरतो. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या वर्षापासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नसल्याने तुमच्या बहुतेक कामगारांना त्याची झळ बसणार नाही, पण व्यवस्थापकांना बसेल, आणि ती फेब्रुवारीच्या पगारात अचानक बसण्यापेक्षा आधी सांगितलेली बरी. हा खर्च ‘एलटीसी’ म्हणजे रजा प्रवास सवलत म्हणून दाखवू, असे कोणी सुचवले तर ऐकू नका. ती सवलत भारतातील प्रवासाच्या भाड्यापुरती आणि जुन्या करप्रणालीपुरतीच आहे. परदेश फिरून येऊन तिचा लाभ घेण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्टेट बँकेच्या प्रकरणात बंद केला आहे.

आणि तुम्ही स्वतः त्याच बसने जा. मागून गाडी घेऊन येऊ नका.

माझे शेतीच्या पाइपांचे दुकान आहे. कंपनीच्या स्कीममध्ये टार्गेट पूर्ण करून मी पत्नीसह दुबईच्या सहलीसाठी पात्र ठरलो. कंपनीने सहलीची किंमत दोघांची मिळून १,४०,००० रुपये धरली आहे आणि तिकिटे देण्यापूर्वी टीडीएसपोटी (लाभ देतानाच आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर) १४,००० रुपये मागितले आहेत. बक्षीस मिळवायला उलट पैसे का भरायचे? (एक विक्रेते, जळगाव)

कंपनी तुम्हाला फसवत नाही. १ जुलै २०२२ पासून प्राप्तिकर कायद्यात १९४आर हे कलम आले. व्यवसायाच्या ओघात कोणाला वर्षभरात वीस हजार रुपयांहून अधिक मूल्याचा लाभ वस्तुरूपाने किंवा सेवारूपाने दिला, तर देणाऱ्याने त्यावर दहा टक्के कर आधी भरला गेला आहे याची खातरजमा करायची असते. वीस हजारांची मर्यादा ओलांडली की दहा टक्के संपूर्ण रकमेवर लागतात, वरच्या फरकावर नव्हे. पत्नीचा खर्चही तुमच्याच नावे धरला जातो, कारण तो लाभ तुमच्या व्यवसायामुळे मिळाला आहे. नव्या प्राप्तिकर कायद्यात, म्हणजे १ एप्रिल २०२६ पासून, कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी हे तत्त्व तसेच आहे.

हे १४,००० रुपये वाया जात नाहीत. ते तुमच्या पॅनवर जमा होतात, विवरणपत्र भरताना एकूण करातून वजा होतात आणि कर कमी असेल तर परत मिळतात. मात्र सहलीचे १,४०,००० रुपये व्यवसायाचे उत्पन्न म्हणून तुम्हाला विवरणपत्रात दाखवावे लागतील. टीडीएस दिसतो आणि उत्पन्न दिसत नाही, अशी विसंगती राहिली की नोटीस येते, आणि तुमच्यासारख्या विक्रेत्यांची चूक नेमकी इथेच होते.

काही कंपन्या हा कर स्वतः सोसतात. तसे केल्यास कर हासुद्धा लाभाचाच भाग बनतो, म्हणून १,४०,००० हे नव्वद टक्के धरून एकूण मूल्य सुमारे १,५५,५५६ आणि कर १५,५५६ रुपये असा हिशेब होतो. पुढच्या स्कीमच्या वेळी कंपनीच्या प्रतिनिधीला पहिला प्रश्न हाच विचारा की कर कोण भरणार. त्याने ‘बघू साहेब’ असे म्हटले, तर तो तुम्हीच भरणार आहात, असे समजा.

सगळ्या विक्रेत्यांना नव्या उत्पादनाची माहिती देण्यासाठी बोलावलेल्या परिषदेला हा कर लागू नाही, हे खरे आहे. परंतु टार्गेट पूर्ण केलेल्या निवडक विक्रेत्यांना नेलेल्या सहलीत तासाभराचे सादरीकरण घुसवले, म्हणून ती परिषद होत नाही. या कलमावरील प्राप्तिकर खात्याच्या परिपत्रकात हे स्पष्ट केलेले आहे.

माझे यजमान एका मोठ्या कंपनीत सुपरवायझर आहेत. कंपनी दर वर्षी त्यांना सहलीला नेते. त्या पैशांत आमच्या घराचे दोन हप्ते गेले असते. रोख रक्कम मागण्याचा हक्क आम्हाला आहे का? (एक गृहिणी, ठाणे)

हक्क नाही. सहल ही कंपनीच्या मर्जीची गोष्ट आहे. मात्र कायद्याने देय असलेला बोनस, ओव्हरटाइम किंवा साठलेल्या रजेचे पैसे यांच्या बदल्यात कंपनीला सहल देता येत नाही. किमान ८.३३ टक्के बोनस ज्याला देय आहे, त्याला तो पैशांतच मिळाला पाहिजे. यांपैकी काही थकले असेल, तर तो वेगळा आणि गंभीर विषय आहे, तेव्हा तसे असल्यास पुन्हा लिहा.

कंपन्या पैशांऐवजी प्रवास का देतात, हे सांगते. अमेरिकेतील डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीने १९०६ मध्ये ठरलेली विक्री पूर्ण करणाऱ्या आपल्या विक्रेत्यांना रत्नजडित पिना दिल्या आणि मुख्यालयाची सहल घडवली. आजच्या या प्रथेचा उगम बहुधा तिथेच सांगितला जातो. त्यामागचा हिशेब तेव्हापासून फारसा बदललेला नाही. रोख रक्कम पगाराच्या खात्यात जाते, हप्त्यात आणि किराणात विरघळते आणि दोन महिन्यांनी ती मिळाली होती हेही आठवत नाही, तर सहलीचे फोटो वर्षभर भिंतीवर राहतात. कंपनीच्या बाजूने हे खरे आहे. परंतु ज्या घरात हप्त्याची ओढाताण चालू आहे, तिथे तेच फोटो डोळ्यांत खुपतात, हेही तितकेच खरे आहे, आणि हे व्यवस्थापनाला सहसा कोणी सांगत नाही.

यजमानांनी वरिष्ठांना एकांतात, लेखी आणि साध्या शब्दांत विचारावे की पुढील वर्षी सहल किंवा तेवढ्याच मूल्याचा दुसरा लाभ, असा पर्याय ठेवता येईल का. मुलांची शाळेची फी किंवा कुटुंबाचा आरोग्य विमा असे पर्याय काही कंपन्या देतात. कर त्यांच्यावरही पडू शकतो, तो विचारून घ्यावा. ‘मला सहल नको’ असे चारचौघांत सांगणे मात्र टाळावे. बक्षीस नाकारणारा माणूस वरिष्ठांच्या लक्षात राहतो, आणि तो कशासाठी लक्षात राहील, हे त्याच्या हातात नसते.

आमच्या कंपनीत १४० कर्मचारी असून त्यांत ३८ स्त्रिया आहेत. मागील दोन सहलींना अनुक्रमे नऊ आणि सहा जणी आल्या. व्यवस्थापन म्हणते, ‘आम्ही तर सर्वांनाच बोलावतो.’ मनुष्यबळ विभागाची प्रमुख म्हणून मी काय करावे? (एक वाचक, नाशिक)

आलेल्या सहा जणींना ‘सहल कशी झाली’ असे विचारून काही हाती लागणार नाही. न आलेल्या बत्तीस जणींना विचारा, आणि गटात न विचारता एकेकीला चहाला बोलावून विचारा.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका कंपनीच्या सहलीची व्यवस्था पाहत होते. दिवसभराचा कार्यक्रम मी बारकाईने आखला होता, पण संध्याकाळच्या रकान्यात ‘गाला डिनर’ एवढे दोनच शब्द लिहिले होते. प्रत्यक्षात आठ वाजता पोहण्याच्या तलावाकाठी बाटल्या उघडल्या गेल्या आणि जेवण साडेअकराला लागले. हिशेब विभागातील तिघी जणी जेवणाच्या रिकाम्या दालनात, पांढरे कापड घातलेल्या लांबलचक टेबलाच्या एका टोकाला मोबाइल पाहत बसल्या होत्या. एकीने वेटरकडे दोनदा वरणभाताची चौकशी केली आणि दोन्ही वेळा त्याने ‘साहेब आल्यावर लावतो’ असे सांगितले. शेवटी त्यांनी पर्समधले चिवड्याचे पाकीट फोडले. पुढच्या वर्षी तिघींनीही घरगुती कारण सांगितले, आणि आम्ही ते हजेरीपत्रकात जसेच्या तसे लिहून घेतले.

तेव्हापासून मी जेवण आठ वाजता लावते. मद्य कंपनीच्या बिलावर नसते. ज्यांना घ्यायचे आहे, ते जेवणानंतर, वेगळ्या जागी आणि स्वतःच्या पैशांनी घेतात. यामुळे मला अरसिक म्हटले गेले आहे आणि त्याला माझी हरकत नाही.

कायद्याची बाजूही व्यवस्थापनापुढे ठेवा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कामाचे ठिकाण’ या व्याख्येत नोकरीच्या ओघात कर्मचारी जिथे जिथे जाते, ती प्रत्येक जागा येते आणि मालकाने पुरवलेले वाहनही येते. म्हणजे सहलीची बस, हॉटेल आणि तो तलावाचा काठ हे सगळे त्या रात्री तुमचे कार्यालयच असते. अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीची किमान एक सदस्य सोबत असावी आणि तिचा फोन नंबर कार्यक्रमपत्रिकेवर छापलेला असावा.

उरलेल्या गोष्टी लहान वाटतात, पण संख्या त्यांनीच वाढते. खोलीत सोबत कोण हवे, हे अर्जातच विचारावे, एजंटने आडनावांच्या अकारविल्हे जोड्या लावू नयेत. लहान मूल असलेल्या स्त्रीला आई, सासू किंवा बहीण सोबत आणण्याची मुभा द्यावी. तो खर्च कंपनीने उचलला तर तो वेतनातील लाभ ठरेल, हे तिला सांगावे. हॉटेलचे नाव, तिथला फोन आणि परतण्याची वेळ असलेली छापील पत्रिका कंपनीच्या शिक्क्यानिशी घरी जाऊ द्यावी. घरच्यांची परवानगी घ्यावी लागणे हे आपल्याला पटो वा न पटो, तो कागद स्वयंपाकघरात फ्रिजवर लावलेला असला की पुष्कळ प्रश्न विचारलेच जात नाहीत. आणि परतीची बस रात्री दोन वाजता द्वारका चौकात सगळ्यांना उतरवून मोकळी होणार असेल, तर तिथून पुढे सिडकोपर्यंत कोण कशी जाणार, याचे उत्तर कार्यक्रमपत्रिकेत हवे.

मी औषध कंपनीत विभागीय व्यवस्थापक आहे. फील्ड स्टाफच्या सहलीत चांगला व्यवसाय देणारे चार डॉक्टर सपत्नीक न्यावेत, अशी वरून तोंडी सूचना आली आहे. (एक वाचक, नागपूर)

नेऊ नका. १२ मार्च २०२४ रोजी अधिसूचित झालेल्या औषध विपणनाच्या एकसमान संहितेनुसार डॉक्टरांना किंवा त्यांच्या कुटुंबीयांना देशात वा परदेशात प्रवासाची आणि हॉटेलची सोय पुरवता येत नाही. परिषदेत वक्ता म्हणून बोलावणे याला अपवाद आहे, पण तुमच्या पत्रातील चार जोडपी वक्ते नाहीत. असा खर्च कंपनीला प्राप्तिकरात वजाही करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्येच सांगितले आहे. सूचना तोंडी आहे, म्हणून उत्तर ईमेलने द्या. तुमच्या वैद्यकीय प्रतिनिधींना खुशाल न्या, तो तुमचा अधिकार आहे.

आमच्या विक्री विभागातील ४० जणांना गोव्याला न्यायचे आहे. प्रवास एजंट म्हणतो की जून-जुलैमध्ये दर निम्मे पडतात आणि आत्ताच सगळी रक्कम भरल्यास आणखी सूट मिळेल. हा सौदा करावा का? (प्रशासन अधिकारी, कोल्हापूर)

दर निम्मे का पडतात, हे एजंटने सांगितलेले दिसत नाही. पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावर जलक्रीडा बंद असतात आणि समुद्रात उतरू देत नाहीत. वाटेत मालवणला थांबायचे ठरवले, तर सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणारी होडी वाहतूकही त्या दिवसांत बंद असते. गोव्याऐवजी ताडोबा म्हणाल, तर तिथला गाभा भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. पावसातला गोवा सुंदर असतो याबद्दल दुमत नाही, पण तो दोघाचौघांनी व्हरांड्यात बसून पाहायचा असतो. चाळीस विक्री प्रतिनिधींना तीन दिवस हॉटेलच्या छपराखाली कोंडले, तर दुसऱ्या दुपारी पत्ते आणि तिसऱ्या दुपारी भांडणे सुरू होतात.

तारीख ठरवताना मी भिंतीवरचे आपले साधे कॅलेंडर काढते. गणपती आणि शिमगा यांच्या आसपास कोकणातल्या कर्मचाऱ्यांना हात लावायचा नाही, ते सहलच काय, नोकरीही सोडून गावी जातील. श्रावणात निम्मे लोक मासे खात नाहीत, मग गोव्याला जाऊन करायचे काय. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्यांची मुले दहावी-बारावीला आहेत, ते शरीराने येतात आणि मनाने घरीच असतात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. डिसेंबरच्या विसाव्या तारखेपासून नव्या वर्षापर्यंत गोव्याचे दर ऐकवत नाहीत. एवढे सगळे खोडले की दिवाळीनंतरचे आठ-दहा दिवस, डिसेंबरचा पहिला पंधरवडा आणि संक्रांतीनंतरचा जानेवारी एवढेच उरते, आणि ते पुरेसे आहे. विक्रीचे वर्ष मार्चअखेर संपत असेल, तर डिसेंबर फार लांब पडतो आणि बक्षिसाची चव शिळी होते. त्यासाठी टार्गेटचे वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर धरता येते. थोडा हिशेब बदलावा लागतो, पण एकदाच.

सगळी रक्कम आगाऊ मुळीच भरू नका. हप्ते ठरवून घ्या: नोंदणीच्या वेळी एक, खोल्यांच्या खात्रीचा कागद हॉटेलकडून थेट तुमच्या हाती आल्यावर दुसरा, आणि शेवटचा दहा टक्क्यांचा परत आल्यावर. चाळीसपैकी चार-पाच जण ऐनवेळी गळतातच, म्हणून कोणत्या तारखेपर्यंत खोल्या दंडाशिवाय कमी करता येतील, ते करारात लिहून घ्या. विमानाने जाणार असाल, तर दहा किंवा अधिक प्रवाशांचे आरक्षण विमान कंपन्या गट म्हणून घेतात आणि नावे नंतर कळवू देतात, ती मुदत विचारून ठेवा. जीएसटीची वजावट मिळेल, असे एजंट सांगेल. कर्मचाऱ्यांना सुटीसाठी दिलेल्या प्रवासावर ती मिळत नाही, त्यामुळे अंदाजपत्रक करासहित धरा.

बसने जाणार असाल, तर रात्रीच्या घाटासाठी दोन चालक हवेत, आणि आसने स्वतः मोजा. एका सहलीत आमच्या एजंटने ४५ आसनी म्हणून पाठवलेल्या बसमध्ये चालकाच्या केबिनमधील तीन जागाही मोजलेल्या होत्या. आमची माणसे बरोबर पंचेचाळीस होती. त्या वर्षीची सर्वांत चांगली विक्री केलेली तीन पोरे वयाने लहान म्हणून पुढे गेली आणि आंबोलीपर्यंत तापलेल्या इंजिनाच्या झाकणालगत पाय आखडून बसून आली. गाडी उभी राहील त्या जागी, निघण्याच्या आदल्या दिवशी, आत चढून मागच्या काचेपासून दारापर्यंत एकेक आसन हाताने मोजावे आणि केबिनच्या जागा त्यात धरू नयेत.